फुली-गोळा

धाकटीचा फोन आला. "दादा, तुझ्या भाच्याला एखादा चांगला ऑनलाइन गेम शोधून दे ना. सुरक्षित हवा. आणि तासभर गप्प बसेल असा." पहिल्या दोन अटी भाच्यासाठी, तिसरी तिच्यासाठी. गेमवाल्या कंपन्यांना नेमकी तिसरीच ऐकू जाते.

मामा कामाला लागले. प्ले स्टोअरवर मुलांचे गेम शोधले की फुगे, फळं, डॉक्टरच्या वेशातली मांजर असा सगळा गोतावळा हजर होतो. प्रत्येकावर शिक्का, ३+. आपल्याला वाटतं, कुणा चष्मेवाल्या बाईंनी गेम शेवटपर्यंत खेळून मगच शिक्का मारला असेल. प्रत्यक्षात गेम बनवणाराच एक प्रश्नावली भरतो. मारामारी आहे का, रक्त आहे का, शिव्या, जुगार? उत्तरांवरून वय ठरतं. पुढे तपासणी होते, तक्रारीही ऐकतात. पण पेपर सोडवणाऱ्यालाच आधी निकाल मिळतो. जाहिराती आहेत आणि आत खरेदीही आहे, हे वेगळं, बारीक अक्षरात. ते वाचायला आपल्याला वेळ कुठे असतो? पोरगं 'इन्स्टॉल'वर बोट ठेवून उभं असतं.

भाच्याने फुगे फोडायला घेतले. तिसऱ्या फुग्याला जाहिरात. कोपऱ्यात आकडे उलटे धावले, मग एक बाण आला, जाहिरात बंद करायची फुली समजून त्याला हात लावला तर थेट दुकानात! मी खट्टू. सात वर्षांचा भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, ती खोटी फुली होती. खरी नंतर येते." आली. मोहरीएवढी, राखाडी, राखाडी ढगावर. त्याने ती एका टिचकीत टिपली. फुगे हा नुसता बहाणा हो, खरा खेळ फुली-गोळ्याचा. फुली आपण शोधायची, गोळा करायचं काम कंपनीचं.

ही माझी कुरकुर वाटत असेल तर अमेरिकेकडे बघा. 'फोर्टनाइट' बनवणाऱ्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरवर तडजोड केली. आरोप काय होते? बटणांची मांडणी अशी की वस्तू नुसती बघायला गेलं तरी खरेदी व्हावी, आणि अनोळखी माणसांशी बोलायची सोय मुलांसाठीही आपोआप चालू. म्हणजे दार उघडं ठेवून वर गल्लाही दारातच.

आपल्याकडेही कायदे आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली. रमी गेली, बरं झालं. गेममधलं हिरे-नाण्यांचं दुकान मात्र शाबूत आहे, कारण तिथे जिंकायला काही नसतंच, नुसतं विकत घ्यायचं. २०२३ चा विदा संरक्षण कायदा म्हणतो, १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी. उत्तम. तूर्तास भाच्याने जन्मसालाचं चाक जोरात फिरवलं, ते १९८१ वर थांबलं. माझ्यापेक्षा मोठा झाला. आता त्यानेच मला संमती द्यावी.

मग मी एकच प्रश्न विचारत सुटलो: या गेमचं पोट कशावर चालतं? या चाळणीतून फार थोडं खाली पडलं. 'जीकॉम्प्री' नावाचा फुकट संच २००० सालापासून आहे, फ्रान्समध्ये सुरू झालेला. बेरजा, अक्षरं, कोडी. जाहिरात नाही, खरेदी नाही, दिसायला जरा जुनाट. बुद्धिबळाला 'लीचेस': देणग्यांवर चालतं, आणि त्यात मुलांसाठी एक कळ आहे, ती दाबली की गप्पा-निरोप बंद. शिवाय क्रोमचा तो डायनासोर. उड्या मारतो, निवडुंगाला धडकतो, मरतो, कुणाला काही विकत नाही. फक्त तो आपणहून भेटायला यावा तर नेट जावं लागतं. सगळ्यात सुरक्षित ऑनलाइन गेम ऑफलाइन निघाला.

यादी धाकटीला पाठवली. चार दिवसांनी फोन. "दादा, गेम छान आहेत. पण हा सारखा हाका मारतो. आई, हे बघ. आई, घोडा कसा चालतो? दुसरा काही नाही का?"

दुसरे लाखभर आहेत, बाई. सगळे ३+.

वाचकहो, एक काम करा. तुमच्या घरातल्या पोराचा आवडता गेम आज स्वतः दहा मिनिटं खेळा, आणि खरी फुली कितव्या प्रयत्नात सापडली ते कळवा. माझा आकडा चार आहे.