कीबोर्डवरचा फेरफार

विंडोजचे बटण आणि 'सी' एकत्र दाबले तर काय होते, हे तुम्ही कोणत्या साली विचारता त्यावर अवलंबून आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ आले तेव्हा पडद्याच्या उजव्या कडेने 'चार्म्स' नावाची एक पट्टी सरकत बाहेर यायची. ती कशासाठी आहे हे लोकांच्या ध्यानात येईपर्यंत ती गेलीसुद्धा. २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्याच जागी कोर्टाना ही आवाजी सहायिका कान टवकारून बसली. २०२१ मध्ये विंडोज ११ आले, कोर्टानाचे बिऱ्हाड उठले आणि तिथे टीम्सच्या गप्पांची खिडकी उघडू लागली. २०२३ मध्ये गप्पा आवरायला लावून कोपायलट हा एआय सहायक राहायला आला. पुढच्याच वर्षी कोपायलट चारचौघांसारखे साधे ॲप झाले आणि जागा काही काळ ओस पडली. बारा वर्षांत चार भाडेकरू, आणि दर वेळी कार्यपद्धती तीच : रात्री अपडेट, सकाळी नवी पाटी.

महाराष्ट्रातल्या शहरी माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागू नये. मैदानासाठी राखलेल्या भूखंडाचे आरक्षण बदलते, तिथे आधी मंडई येते, मग वाहनतळ, मग एखादे 'तात्पुरते' कार्यालय, आणि इथे पोरे खेळत असत हे सांगणारी माणसे हळूहळू कमी होत जातात. कीबोर्ड हीदेखील जमीनच आहे, आणि तीही वाढवता न येणारी. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर साधारण १०४ बटणे. त्यांतली खाली न बघता हाताला लागतील अशी मोक्याची ठिकाणे मोजकीच. म्हणून माझे म्हणणे असे, की अपडेटनंतर आपला लाडका शॉर्टकट जातो तो बहुतेक वेळा चांगल्या ठिकाणी होता म्हणून जातो. कंपनीला नवा माल खपवायचा असतो, त्यासाठी रस्त्यालगतची जागा हवी असते, आणि नेमकी तिथे आपली बोटे वर्षानुवर्षे बसलेली असतात. बोटांच्या नावाने सातबारा निघत नाही. फेरफार मात्र वेळच्या वेळी होतो आणि त्याच्या शेऱ्यात 'वापरकर्त्याचा अनुभव अधिक सुलभ करण्यात आला आहे' असे लिहिलेले असते.

यावर पहिली हरकत आकड्यांची. हे शॉर्टकट वापरतो कोण? मोजून पाहा, जवळपास कोणीच नाही. या हरकतीचा सर्वांत प्रामाणिक नमुना गूगल क्रोमचा आहे. जुलै २०१६ मध्ये आपल्या ५२ व्या आवृत्तीत क्रोमने बॅकस्पेस दाबून मागच्या पानावर जाण्याची सोय काढून टाकली. कारण दिले ते खरे होते. फॉर्म भरताना माणसाला वाटते आपण चौकटीतच आहोत, तो अक्षर खोडायला बॅकस्पेस दाबतो, पान मागे जाते आणि भरलेले सगळे पुसले जाते. (आपल्याकडच्या सरकारी पोर्टलांवर भरलेला फॉर्म गायब व्हायला बॅकस्पेसची गरज कधी पडली नाही, 'सेशन एक्स्पायर्ड' एवढे पुरते; पण ते असो.) आकडेही दिले : उघडलेल्या पानांच्या हिशेबात ०.०४ टक्के वेळा लोक बॅकस्पेसने मागे जातात, आणि फॉर्ममध्ये काही केल्यानंतर तसे जाण्याचे प्रमाण ०.००५ टक्के. आता साधा भागाकार करू. आठांतली एक वेळ धोक्याची. उरलेल्या सात वेळा फॉर्मचा काही संबंधच नव्हता. शिवाय हे टक्के पानांचे आहेत, माणसांचे नाहीत. दिवसभर बॅकस्पेसवर चालणारा एखादा माणूस जगातल्या सगळ्यांनी उघडलेल्या सगळ्या पानांनी भागला, की दशांशचिन्हानंतरच्या शून्यांत दिसेनासा होतो. तरीही क्रोमला मी फार बोल लावणार नाही. त्यांनी त्या बटणावर स्वतःचे काही बांधले नाही, ऑल्ट आणि डाव्या बाणाची वाट होती ती दाखवली, आणि ज्यांचे अडले त्यांच्यासाठी जुनी सवय परत देणारे एक्स्टेन्शनही स्वतःच काढले. २०२१ मध्ये फायरफॉक्सनेही बॅकस्पेसची ती सोय बंद केली. तिथेही नंतर दुकान उघडले नाही. धोकादायक म्हणून जागा खाली केली, असे या दोघांबद्दल म्हणता येते. तेव्हा हेतू ओळखायचा असेल तर आकडे बाजूला ठेवावेत आणि खाली झालेल्या जागेवर पुढे काय उभे राहते ते पाहावे.

जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की विंडोजच्या कीबोर्डवर जवळपास तीन दशकांनी एक नवे बटण येत आहे, कोपायलटचे. नवे बटण म्हणजे भर पडली असे वाटणे साहजिक आहे. पण लॅपटॉपची सर्वांत खालची ओळ काही त्यामुळे लांब झाली नाही. बहुतेक ठिकाणी हे बटण उजव्या कंट्रोलच्या किंवा मेन्यू बटणाच्या जागी आले. मेन्यू बटण म्हणजे छोट्या यादीचे चित्र असलेले ते, जे डोळस माणूस सहसा चुकूनच दाबतो. त्याच्यावाचून आपले अडत नाही, कारण माउसचे उजवे क्लिक आहे. स्क्रीन रीडर ऐकत काम करणाऱ्या अंध माणसाला माउसचा बाण दिसत नाही. त्याचे उजवे क्लिक म्हणजे तेच बटण. शिफ्ट आणि एफ१० दाबूनही ते काम होते, हे खरे. होते ते एका बोटाऐवजी दोन बोटांनी आणि कीबोर्डची दोन टोके गाठून. गंमत पुढे आहे. कोपायलटचे बटण दाबले की संगणकाला निरोप जातो तो विंडोज, शिफ्ट आणि एफ२३ एकत्र दाबल्याचा. ज्या कीबोर्डवर एफ१२ ला गावची हद्द संपते, तिथे एफ२३! इमारत उभी आहे, पाटी आहे, दिवे लागलेत. गट क्रमांक तेवढा नकाशात सापडत नाही.

दुसरी हरकत समंजस मंडळींची असते : एवढे काय, आठ दिवसांत नवी सवय लागेल. लागेलही. पण बोटांची सवय पाढ्यांसारखी तोंडावर नसते. 'तुम्ही काय दाबता?' असे विचारले तर भल्याभल्या टंकलेखकाला सांगता येत नाही, त्याला आधी दाबून पाहावे लागते. नवा शॉर्टकट शिकला म्हणून जुना पुसला जात नाही आणि घाईच्या वेळी जुनाच आधी उठतो. तो नुसता बंद असेल तर काही घडत नाही, एवढेच. दुसऱ्याला दिलेला असेल तर मात्र वाक्याच्या मध्यात भलतेच दार उघडते. ॲपलच्या मॅकवर कमांड आणि स्पेस दाबून एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाता येत असे. दोन लिप्यांत लिहिणाऱ्याच्या दृष्टीने कीबोर्डवरची ही सर्वांत वर्दळीची जागा. एप्रिल २००५ मध्ये 'टायगर' आवृत्ती आली आणि ही जोडी स्पॉटलाइट नावाच्या शोधयंत्राला मिळाली. एकाच लिपीत जन्म काढणाऱ्यांना यात सोय दिसली. इंग्रजी नाव लिहून पुन्हा देवनागरीत यायचे, एवढ्यासाठी ज्याचा अंगठा तिथे जात होता, त्याच्यापुढे शोधाची पेटी उघडू लागली. सेटिंगमध्ये जाऊन हे बदलता येते, असा सल्ला लगेच मिळतो. घरच्या संगणकावर येते. बँकेच्या काउंटरवर किंवा तहसील कचेरीत ॲडमिनचा पासवर्ड आयटीवाल्यांकडे असतो, आणि दिवसभर सर्वांत जास्त बटणे बडवणारा माणूस नेमका तिथेच बसलेला असतो.

तिसरी हरकत जड आहे. जुने सगळे कायम जपायचे तर नवे काही करताच येणार नाही. प्रत्येक बदलाने कोणाची तरी घडी मोडणारच. मान्य. पण जुने जपणे किती अवघड आहे हे पाहायला एक्सेल उघडावे. २००७ च्या ऑफिसमध्ये 'फाइल, एडिट, व्ह्यू' ही मेन्यूची ओळ जाऊन रिबन आली. एडिट मेन्यू डोळ्यांदेखत नाहीसा झाला. तरी आजही विंडोजवरच्या एक्सेलमध्ये कॉपी करून ऑल्ट, ई, एस, व्ही आणि शेवटी एंटर असे ओळीने दाबले की सूत्र वगळून नुसते आकडे चिकटतात. त्यातला 'ई' हा त्या दिवंगत एडिटचाच. मेन्यू जाऊन इतकी वर्षे झाली, त्याच्या नावाने मारलेल्या हाकेला अजून ओ मिळते. शिफ्ट आणि इन्सर्ट दाबून चिकटवण्याची रीत तर आयबीएमच्या १९८७ च्या नियमावलीच्या काळातली. तीही विंडोजवर चालू आहे. म्हणजे जपायचे ठरवले तर जपता येते. एक्सेलमधली हाक जपली गेली याचे कारण, माझ्या मते, असे की ती मारणारे लोक हिशेबखात्यात बसतात आणि परवान्याच्या बिलावर सही करतात.

सवय कोणाची, याला किती किंमत असते ते मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी सांगितलेल्या एका हकिगतीवरून कळते. आउटलुकमध्ये कंट्रोल-एफ दाबून शोधायला जावे तर मेल दुसऱ्याला पाठवण्याची खिडकी उघडते. जगभर 'एफ' म्हणजे शोध, इथेच फॉरवर्ड का? तर आउटलुकच्या आधीचा एक्स्चेंजचा मेल प्रोग्रॅम तयार होत असताना तिथेही कंट्रोल-एफ म्हणजे शोधच होता. चाचणी घेणाऱ्या एकाने तक्रार केली, की माझ्या जुन्या मेल प्रोग्रॅममध्ये यावर फॉरवर्ड होते, बोटांना तीच सवय आहे, तेच हवे. बदल झाला. आठ दिवसांत नवी सवय लागेल, असे त्यांना कोणी सांगितले नसावे. तक्रारदाराचे नाव बिल गेट्स.

आपल्याकडे भूखंडाचे आरक्षण बदलायचे तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली आधी सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि हरकती व सूचनांसाठी महिन्याची मुदत द्यावी लागते. त्या हरकतींचे पुढे काय होते हा वेगळ्या सदराचा विषय आहे, पण कागद स्वीकारून त्यावर शिक्का मारणारी खिडकी तरी असते. कीबोर्डसाठी निदान तेवढे मागायला हरकत नसावी : बटण दुसऱ्याला देण्याआधी महिनाभर पडद्यावर सूचना, आणि त्यानंतर काही वर्षे जागा मोकळी, म्हणजे चुकून तिथे गेलेले बोट कोणाच्या दुकानात शिरणार नाही. मायक्रोसॉफ्टकडे खिडकीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तिचे नाव फीडबॅक हब आणि ती विंडोज आणि एफ एकत्र दाबले की उघडते. विंडोज ९५ पासून ही जोडी फाइल शोधण्यासाठी राखीव होती. विंडोज १० मध्ये शोधणाऱ्यांना तिथून उठवण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तक्रार निवारण कक्ष बांधण्यात आला.