खाली लिहिणारा माणूस

आत्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, "रविवारी जेवायला कोण कोण येणार? श्रीखंड आणू की बासुंदी?" सगळ्यांनी अंगठे दाखवले. काकांनी आत्याचा निरोप कापून त्याचे दोन तुकडे केले, प्रत्येक तुकड्यापुढे कोनाची खूण काढली आणि खाली उत्तर लिहिलं. पहिल्याखाली "मी." दुसऱ्याखाली "बासुंदी. पण हा वेगळा विषय असल्याने वेगळा धागा काढावा." मग दोन आडव्या रेघा आणि खाली चार ओळींची सही. पाचवी ओळ लिहिणारा माणूस काकांच्या मते ताटात हात धुणाऱ्यातला.

काका १९८८ साली एमएस करायला अमेरिकेत गेले. डिग्री त्यांना विद्यापीठाने दिली, वळण लावलं ते युजनेटवरच्या न्यूजग्रुपने, म्हणजे चर्चेच्या ग्रुपने. रात्री लॅबमध्ये हिरव्या अक्षरांच्या टर्मिनलपुढे बसायचं आणि जगाशी भांडायचं. युजनेटला मालक नव्हता, हे सांगताना काकांचा आवाज अजून भरून येतो. तुम्ही लिहिलेलं तुमच्या सर्व्हरवर पडायचं, तो शेजारच्या सर्व्हरला द्यायचा, शेजारचा पुढच्याला. चाळीत बातमी फिरते तसंच, फक्त शब्द न बदलता.

देवनागरी मात्र नव्हती. सोक-कल्चर-इंडियन-मराठी या ग्रुपवरही मराठी रोमनमध्येच. छोटा टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट. मोठा एन म्हणजे ण, मोठा एल म्हणजे ळ. काका भाजीची यादी आजही तशीच पाठवतात. वाटाण्यात मधेच मोठी अक्षरं दिसली की त्यांची सून मला विचारते, "बाबा वाटाण्यावर एवढे का ओरडतायत?"

बिघडलं कधी, हे काका महिन्यानिशी सांगतात. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी पोरं यायची, वाट्टेल तिथे वाट्टेल ते लिहायची, आणि दिवाळीपर्यंत जुनी मंडळी त्यांना सरळ करायची. १९९३-९४ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइन कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांना युजनेटचं दार उघडून दिलं आणि सरळ करणारे कमी पडले. तो सप्टेंबर संपलाच नाही, असं जुने लोक म्हणतात. काका ते शब्दशः घेतात. तारीख विचारा, "सप्टेंबर १९९३, दिवस अकरा हजार आणि वर काहीतरी."

त्यात एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातल्या एका वकील जोडप्याने ग्रीनकार्ड लॉटरीची जाहिरात हजारो ग्रुपांवर टाकली. संगीतावर, स्वयंपाकावर, कुठेही जा, तीच. काकांचं स्वतःचं ग्रीनकार्ड तेव्हा अडकलेलं. त्यांनी धडधडत्या छातीने वाचलं, तर जे देश चालणार नाहीत त्यांच्या यादीत भारत. स्पॅममुळे एवढा वैयक्तिक अपमान दुसऱ्या कुणाचा झाला नसेल.

मग वेबवरच्या फोरमचे दिवस आले. १९९६ मध्ये मायबोली ही मराठी साइट निघाली, पुढे युनिकोड आला, आणि लोकांना टपोऱ्या देवनागरीत पाककृती फोटोसकट टाकता यायला लागल्या. घाण काढायला मॉडरेटर. मला विचाराल तर लोक गेले यात नवल नाही. ज्या घराला दार नाही तिथे शेवटी कुत्रीच झोपतात. काका एकदा एका फोरमवर डोकावले. पिवळा स्मायली डोळे फिरवत होता, कुणी तरी "दिवे घ्या", म्हणजे हलकेच घ्या, म्हणत होतं, आणि कुणाची तरी पोस्ट उडवली होती. "उडवली म्हणजे? कुणी?" मी म्हटलं, ॲडमिनने. काकांनी चहाचा कप अर्धा ठेवला. ही सवय नव्हती त्यांची.

त्यांचं शस्त्र वेगळं होतं: किलफाइल. नको असलेल्या माणसाचं नाव तिथे टाकायचं, तो बोलत राहतो, आपल्याला दिसत नाही. टाकताना "प्लॉंक" म्हणायचं; तळाशी आदळल्याचा तो आवाज. सोसायटीचे सेक्रेटरी चार वर्षं किलफाइलमध्ये आहेत. जिन्यात समोरून आले तरी काका कठड्याकडे बघतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने युजनेटशी संबंध तोडला तेव्हा काकांनी पेढे आणले. बराचसा कचरा त्याच दारातून यायचा. कचरा थांबला, पण ग्रुपही सुना झाला. तरी ते दर रविवारी एक पोस्ट टाकतात. "उत्तर येत नाही रे कुणाचं."

परवा मी सहज माझ्या लॅपटॉपवर तो ग्रुप उघडला. काकांच्या प्रत्येक पोस्टखाली उत्तर होतं. एकाच माणसाचं.

नाव सांगितल्यावर काका उठून बसले. १९९६ साली साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा घालावा की नाही यावर चार महिने चाललेल्या भांडणात याला त्यांनी प्लॉंक केला होता. गुन्हा बटाट्याचा नव्हता. काकांची दोनशे ओळींची पोस्ट जशीच्या तशी ठेवून हा इसम वर उत्तर लिहायचा. ती किलफाइल फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर, दर नव्या मशीनमध्ये काकांबरोबर आली.

"आता वर लिहितो की खाली?"

"खाली."

"कापून?"

"लागेल तेवढंच ठेवतो, काका."

"सही?"

मी मोजली. "चार ओळी."

काका खिडकीबाहेर बघत राहिले. मग चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली. "आण इकडे. काय म्हणतोय एवढं?"

मी स्क्रीन वळवली. त्यांनी सावकाश, ओठ हलवत वाचलं.

"अजून बटाटाच," काका म्हणाले. "प्लॉंक."