बाईंचे मिस्टर

अथेन्समध्ये अजून तांबडं फुटायचं आहे आणि ब्लेपिरस घराबाहेर आडोशाला बसलाय. अंगात बायकोचा केशरी झगा, पायात तिच्याच सपाता, कारण त्याचा स्वतःचा अंगरखा आणि वहाणा रातोरात गायब. पोट काही साफ होत नाही. आत रानटी नासपती आडवी आलीय, अशी त्याची तक्रार. शेवटी बिचारा चक्क बाळंतिणींच्या देवीलाच सोडवायला बोलावतो.

त्याच घटकेला त्याची बायको प्रॅक्झागोरा त्याचाच अंगरखा पांघरून, खोटी दाढी लावून, निक्स टेकडीवरच्या सभेत राज्य बायकांच्या हाती द्या म्हणून ठणकावतेय. ग्रीक नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसचं हे नाटक इ. स. पूर्व ३९१ च्या सुमाराचं. सभेला घुसायचं म्हणून या बायकांनी अंगाला तेल चोपडून उन्हात कातडी रापवली, काखेतले केस वाढवले. एक तर तालमीला येताना पिंजायला लोकर घेऊन आली. सभा होईपर्यंत रिकामं का बसायचं?

ठराव पास झाल्याची बातमी शेजारी क्रेमिस आणतो. ब्लेपिरसला आधी हवंय ते सभेच्या हजेरीभत्त्याचं: तीन ओबोल मिळाले का? नाही मिळाले, क्रेमिस उशिरा पोचला. जोडे शिवणाऱ्यांसारखे फिक्या चेहऱ्याचे लोक आज लोटले होते म्हणे. मग राज्य गेलं ही गोष्ट ब्लेपिरस हळूहळू पचवतो. म्हणजे उद्यापासून कोर्टात पंच म्हणून बसायला नको? पहाटे कण्हत उठायला नको? नको. त्याला एकच धास्ती: सत्ता हातात आल्यावर बायका आपल्याला या वयात जबरदस्तीने शय्येवर तर नेणार नाहीत ना!

प्रॅक्झागोरा घरी येते. कुठे होतीस? मैत्रिणीचं बाळंतपण होतं. खरंच, अडलेलं बाळंतपण त्या रात्री दोन्हीकडे होतं. मग ती आपला बेत सांगते: जमीन, पैसा, जेवण, सगळं सामाईक. ब्लेपिरस शंका काढतो, त्यातली एक पोटापाण्याची. शेती कोण करणार? गुलाम. आपण काय करायचं? सावली लांबली की अंगाला तेल लावून जेवायला जायचं. एवढ्यावर गडी खूश.

इथे मला मात्र ठेच लागते. या क्रांतीत ‘बायका’ म्हणजे नागरिकांच्या बायका. नांगरामागे गुलाम होता तिथेच राहतो आणि दासींना तर नागरिक पुरुषांच्या वाटेला जायचीही बंदी. शिवाय रंगभूमीवर बाई एकही नाही. मुखवटा चढवलेला पुरुष बाई होतो आणि ती बाई पुरुषाचं सोंग घेते. बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्या आपल्या आजोबांना यात वावगं काही वाटलं नसतं.

पण ब्लेपिरसचा खरा रंग दिसतो तो बायको कारभाराला निघते तेव्हा. मी तुझ्या जवळजवळ चालतो, तो म्हणतो, म्हणजे लोक माझ्याकडे बघून म्हणतील, हे बघा सेनापतीणबाईंचे यजमान! महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींच्या निम्म्या जागा महिलांना आहेत, त्यामुळे हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. फरक इतकाच की आपला सरपंचपती बऱ्याचदा खुर्चीवरच बसतो आणि बाई दारातून चहाचं विचारते. ब्लेपिरस त्यामानाने सज्जन. त्याला अधिकार नको, मिरवायला मिळालं की झालं.

आणि शेवटी तो जेवायचाच राहतो. तीस हजारांवर नागरिकांत उपाशी राहिलेला भाग्यवान तूच, असं म्हणत दासी त्याला न्यायला येते. मेजवानीत मासे, ससा, कबुतरं, मध असलं सगळं एकाच शब्दात कोंबलेलं एक पक्वान्न आहे. ते नाव गाऊन संपलं की बजावणी होते: आता पळा, ताटली घ्या, आणि वाटाण्याचं पिठलंही घ्या.