आवक वाढली की भाव कसा वाढवावा?

प्रति,
मा. तिकीट दरनिश्चिती विभाग,
समस्त थीम पार्क व वॉटर पार्क.

विषय : गर्दी झाली की भाव वाढवण्याच्या आपल्या विद्येबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.

महोदय,

मी नामपूरचा कांदा उत्पादक. नामपूर म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यातलं, मोसम नदीकाठचं बाजारपेठेचं गाव. आपल्या जाहिरातींच्या नकाशात ते नसेल, पण आपल्या फूड कोर्टातल्या भज्यांत बहुधा असतं.

मे महिन्यात मुलांचा हट्ट पुरवायला आपल्यापैकी एका पार्कात येणं झालं. कोणतं पार्क ते लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं तर बाकीचे सुटतील. निघण्याआधी थोरल्याने मोबाइलवर आपलं कॅलेंडर उघडलं, तर प्रत्येक तारखेखाली वेगळा भाव! मंगळवार स्वस्त, शनिवार महाग, रविवार त्याहून महाग आणि सुट्ट्यांचा आठवडा लाल अक्षरांत. थोरला म्हणाला, "पप्पा, याला डायनॅमिक प्रायसिंग म्हणतात. लेटेस्ट आहे."

लेटेस्ट! अहो, आमच्या बाजार समितीच्या आवारात आमच्या आजोबांपासून हेच चाललंय. सकाळच्या सत्रात एक भाव, दुपारच्या सत्रात दुसरा, आणि शेजाऱ्याच्या ट्रॉलीला तिसरा. तेव्हा भाव बदलतो याचं कौतुक मला सांगू नका. कौतुक आहे ते तो कोणत्या दिशेने बदलतो याचं. आमच्याकडे ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर आली की व्यापारी खुशीत येतो आणि भाव पडतो. कारण विचारलं तर उत्तर एकच : आवक वाढली. तुमच्याकडे गाड्यांची रांग रस्त्यावर आली की भाव चढतो. कारण तेच : आवक वाढली. दोन्हीकडे रांगेत मीच, आणि दोन्हीकडे भाव माझ्या विरोधात. ही किमया आपल्याला कशी साधली, ते शिकावं एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आमच्या लहानपणी थीम पार्क नव्हतं, यात्रा होती. सटाण्याला देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते, मार्गशीर्षातल्या वद्य एकादशीपासून पुढे पंधरवडाभर. हे महाराज म्हणजे बागलाणचे मामलेदार. १८७०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी लोकांसाठी उघडला, आणि लोकांनी त्यांचं देऊळ बांधलं. सरकारी अधिकाऱ्याच्या नावाने भरणाऱ्या यात्रा महाराष्ट्रात फार नसाव्यात. यात्रा भरावी असं अधिकाऱ्यांनी पुन्हा काही केलंही नाही म्हणा.

त्या यात्रेत पाळणा हेच आमचं पार्क. सुरुवातीला लाकडी, चार खोक्यांचा, माणसं हाताने फिरवायची तो. पुढे लोखंडी, डिझेल इंजिनावर धडधडणारा. हाताच्या पाळण्याचं एक शास्त्र होतं. एका खोक्यात जड माणसं बसली की समोरच्या खोक्यातही तेवढंच वजन लागायचं, नाहीतर फिरवणाऱ्याचे दंड भरून यायचे. त्यामुळे पाळणेवाला रांगेकडे बघून माणसं वजनावर निवडायचा. पाटलाचा गुबगुबीत मुलगा एका बाजूला, तर समोर सालदाराची दोन मुलं एकत्र. कुणी कुणाच्या समोर बसायचं हे पैशांवर नाही, किलोवर ठरायचं. समतेचं एवढं काटेकोर पालन मी पुढे कुठल्याही संस्थेत पाहिलं नाही, आणि त्यामागे कुणाचाही चांगला हेतू नव्हता.

पण जुन्या यात्रेच्या आरत्या ओवाळायला हे पत्र लिहीत नाही. त्या पाळण्याचे नट-बोल्ट कुणी तपासले असतील असं वाटत नाही. बायकांसाठी आडोसा म्हणजे नदीकाठचं बाभूळबन. तुमच्याकडे संडास स्वच्छ, राइडवरचा मुलगा प्रत्येकाचा पट्टा दोनदा ओढून बघतो. त्याला माझा मनापासून सलाम. आणि गर्दीचा फायदा पाळणेवालाही घ्यायचाच. एकादशीला भाव तोच ठेवायचा, पण फेरे गुपचूप कमी करायचा. आम्ही वरून ओरडायचो, "ओ मामा, अजून दोन राहिले!" मामा खालून ऐकू न आल्यासारखं करायचा. तरी ओरडायला मामा समोर होता. तुमच्या ॲपवर मी तक्रार लिहिली, तर "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" असं उत्तर एका क्षणात आलं. एवढ्या वेगाने माझं मोल ठरवलेलं मी लिलावातही पाहिलेलं नाही.

मग १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं. टूथपेस्टच्या ट्यूब बनवणाऱ्या समूहाने पाळण्यांत पैसा घातला, आणि पुढे १९९२मध्ये दूरचित्रवाहिनीही काढली. एस्सेल वर्ल्डच्या जाहिरातीने आमच्या खोऱ्यातल्या पोरांची झोप उडवली. बोरिवलीला मामा असणारा मुलगा वर्गात एकदम वजनदार झाला. माझे मामा तिथेच होते. मालेगावमार्गे मनमाड, तिथून पंचवटी एक्स्प्रेस, मग लोकल, मग खाडीत बोट. पार्काआधीच निम्मं पार्क होऊन जायचं. आत राइडच्या रांगेत आमच्यापुढे गॉगल लावलेलं एक श्रीमंत कुटुंब होतं. त्यांच्या पोराने मला सांगितलं की राइड उलटी होते तेव्हा डोळे मिटायचे नाहीत, मिटले तर उलटी होते. मी त्याला आमच्या पिशवीतली गोडीशेव दिली. त्याने ती कधी खाल्ली नव्हती. ते एस्सेल वर्ल्ड २०२२मध्ये बंद झालं, शेजारचं १९९८चं वॉटर किंगडम चालू आहे. दिल्लीचं अप्पू घर हे पार्क तर २००८लाच उठलं.

आता महाराष्ट्रातलं मोठं पार्क खोपोलीजवळचं, २०१३ साली सुरू झालेलं इमॅजिका. चित्रपटांच्या धंद्यातल्या मनमोहन शेट्टींनी ते उभं केलं, आणि २०२२मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ताब्यात घेतलं. हे तेच गाय छाप तंबाखूवाले. आमच्या लिलावात निम्म्या जणांच्या खिशात ज्यांची पुडी असते, ते आता पोरांच्या पाळण्याचेही धनी आहेत, याचा आम्हा नगर-नाशिककरांना थोडा अभिमानच वाटतो. मुंबईच्या भांडवलाची सवय होती. संगमनेर म्हणजे घरचं.

तर पार्क बदललं, मालक बदलले, राइड उंच झाल्या. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते रांगेबद्दल. या वेळी तुमच्याकडे दोन रांगा दिसल्या. एकीत आम्ही. दुसरी मोकळी, तिला नाव एक्स्प्रेस. दुप्पटीच्या आसपास पैसे भरले की तिच्यातून सरळ पुढे. धाकटी आमच्या रांगेत उभी राहून त्या रांगेकडे बघत होती. तिने विचारलं, "पप्पा, ते लोक आजारी आहेत का?" तिला वाटलं, दवाखान्यात जसं आधी घेतात तसं असेल. मी हो म्हटलं.

ही कल्पना तुमची नाही, हे मला माहीत आहे. माझा भाचा अमेरिकेत असतो. तो फ्लोरिडाच्या डिस्नीत जाऊन आला, त्याने सगळा इतिहास सांगितला. १९५५मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं, तेव्हा काही महिन्यांतच राइडच्या कुपनांची पुस्तकं निघाली. ती पद्धत १९८२पर्यंत चालली. १९९९ साली रांग टाळायचा पास आला, तो चक्क फुकट. २०१६मध्ये तारखेप्रमाणे भाव सुरू झाले, आणि २०२१मध्ये फुकटचा पास जाऊन त्याच्या जागी विकतचा आला. भाचा म्हणतो, सुट्टीच्या दिवशीही सकाळी सातच्या आत उठून मोबाइल हातात धरून बसावं लागायचं, नाहीतर चांगल्या राइडची वेळ हातची जायची. त्याचे आजोबा ट्रॉलीचा नंबर लागावा म्हणून पहाटे बाजारात जायचे. पोरगं शिकून अमेरिकेला गेलं, पण नंबर लावणं काही सुटलं नाही.

आणि देवाच्या दारीच दोन रांगा झाल्यात, तर तुम्हाला काय बोलायचं? त्र्यंबकेश्वरला २०० रुपयांचा देणगी दर्शन पास मिळतो. माझी आई त्या पासाला अजून "तिकीट" म्हणते, आणि ते काढत नाही.

आई तुमच्याकडेही आली होती. तिला पाण्यात जायचं नव्हतं, तरी तिचं तिकीट लागलंच, ज्येष्ठ नागरिक म्हणून थोडं कमी. पाण्यात उतरायला लागणारे नायलॉनचे कपडे नसल्यामुळे आम्हाला ते भाड्याने घ्यावे लागले. अनामत वेगळी, लॉकर वेगळा. दशम्या आणि लसणाची चटणी गेटवरच्या पोराने बाजूला ठेवायला लावली. बाहेरचं अन्न आत चालत नाही. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुमच्या आतल्या भज्यांतला कांदाही बाहेरचाच आहे. तो हसला. त्याच्या हातात काही नव्हतं. आमच्या कांद्याला मागच्या दाराने प्रवेश आहे आणि आम्हाला पुढच्या, एवढाच फरक. फूड कोर्टातल्या भज्यांचा भाव बघून आई एवढंच बोलली, "इतला पैसा! कसाले रे?" बाकी दिवसभर ती लॉकरपाशी आमच्या चपला राखत बसली. त्या बसण्याला कोणती राइड म्हणायचं, ते तुमच्या विभागाने ठरवावं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बाजार मंदीत असतो तेव्हा एका माणसाच्या तिकिटाला माझा क्विंटल-दीड क्विंटल कांदा लागतो. २०१८च्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. त्याने ते पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवून दिले. त्याच वर्षी जानेवारीत सरकारने थीम पार्कच्या तिकिटावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणला होता. आमच्या कांद्यावर जीएसटी नाहीच, त्यामुळे त्यात कपात करून दिलासा देण्याची सोय सरकारला उरलेली नाही.

आणि आमचा भाव चुकून वर गेलाच, तर काय होतं ते ऐका. २०२३च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती उठली २०२४च्या मे महिन्यात. शहरांत २५ रुपये किलोने सरकारी कांदा गाड्यांवर आला. तुमचं तिकीट नाताळात कितीही चढो, तो कांदा विकणारी नाफेड कधी स्वस्त तिकिटांची गाडी चौकात उभी करत नाही. बफर साठ्यातला एखादा आकाशपाळणा बाजारात सोडल्याचंही ऐकिवात नाही. पाळणा ही जीवनावश्यक वस्तू नाही, म्हणून त्याला हवा तो भाव. कांदा जीवनावश्यक, म्हणून त्याला भाव नाही. मला आधी वाटायचं, जीवनावश्यक ठरणं हा मान आहे.

म्हणून आपल्याकडून पुढील मार्गदर्शन हवं आहे. लिलावाला येणाऱ्या व्यापाऱ्यांना मी शनिवारी जादा दर लावू शकतो का? माझ्या कांदाचाळीजवळ रांगेत थांबायचं नसेल त्यांच्यासाठी एक्स्प्रेस कांदा काढावा म्हणतो. तोच कांदा, फक्त आधी. व्यापाऱ्याने ट्रॉलीतून मूठभर कांदा उचलून बघायच्या आधी त्याला नायलॉनचे कपडे भाड्याने देता येतील. पावसाने राइड बंद पडली तरी पैसे परत मिळणार नाहीत, असं तुमच्या तिकिटामागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ते वाक्य मला जसंच्या तसं हवं आहे. गारपीट झाली तरी ठरलेला भाव परत घेता येणार नाही, असं मी ट्रॉलीवर रंगवून घेईन. या सगळ्याला कोणाची परवानगी लागते, की नुसतं एक गेट बांधलं की पुरतं? मला वाटतं, खरी गोम गेटातच आहे. तुमच्याकडे गेट तुमचं. बाजार समितीचं गेट समितीचं आणि देशाचं गेट दिल्लीचं. माझ्याकडे आहे ते चाळीचं दार, आणि त्याला कुलूप लावून बसलो तर आतला माल सडतो.

उत्तर साध्या पोस्टाने पाठवलं तरी चालेल. सामान्य रांगेतून आलं तरी हरकत नाही.

आपला नम्र,
मोसम खोऱ्यातला एक कांदा उत्पादक,
नामपूर, ता. बागलाण, जि. नाशिक

ता. क. : धाकटीला नाताळात पुन्हा यायचं आहे, या वेळी "आजारी लोकांच्या" रांगेतून. २५ डिसेंबरचा तुमचा भाव कॅलेंडरवर आत्ताच दिसतोय. त्याच चौकटीत त्या दिवशीचा लाल कांद्याचा भावही टाकता आला तर बघा, म्हणजे तिकीट काढू की नको ते ठरवता येईल. आमचा लाल कांदा नेमका त्याच आठवड्यात निघायचा आहे. रविवारच्या चौकटीत मात्र काही टाकू नका. त्या दिवशी लिलाव बंद असतात.