वीजबिलाचं लोकार्पण

आमच्या गावाची नगरपंचायत झाली आणि विकासाला वाट फुटली. ती ओढ्याकाठाने थेट सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पापर्यंत जाते. प्रकल्पाची फीत दोनदा कापली गेली. एकदा सत्तेवर आलेल्यांनी, एकदा सत्तेवरून गेलेल्यांनी. कोनशिलेवर इतकी नावं आहेत की क्षमतेचा आकडा कोरायला दगड उरला नाही.

काम तसं सोपं. मैल्यातली घाण जिवाणू खातात, माणसांनी फक्त टाकीत सतत हवा सोडायची. असे कर्मचारी नगरपंचायतीच्या आस्थापनेवर दुसरे नाहीत. पगार नको, वेतन आयोग नको, ‘कायम करा’ म्हणून उपोषण नाही. त्यांना लागते फक्त हवा, आणि नेमकी तीच महाग. हवा देणारा ब्लोअर विजेवर चालतो. प्रकल्प बांधायला अनुदान मिळतं, पण बिल भरायला घरपट्टी वसूल करावी लागते, आणि वसुली करणारा पुन्हा निवडून येत नाही. त्यामुळे ब्लोअर बंद पडला आणि जिवाणू गुदमरून मेले. मतदारयादीत नाव नसल्याने कुणी सांत्वनालाही गेलं नाही.

मग एक दिवस कळलं, प्रक्रिया केलेल्या पाण्याचा नमुना घ्यायला प्रदूषण मंडळाचे साहेब येणार. नवे जिवाणू जमवायला टाकीत शेणकाला ओततात. ही रीत शास्त्रशुद्ध आहे. आमच्याकडे त्याची निविदा निघाली. गावात गोठ्यागोठ्याला उकिरडा, पण सर्वांत कमी दराचं शेण शेजारच्या जिल्ह्यातून आलं. तरी जिवाणूंची फौज उभी राहायला काही आठवडे लागतात आणि साहेब तर उद्याच येणार! शेवटी ठेकेदाराने शक्कल लढवली. बाटलीत आवारातल्या बोअरचं पाणी भरलं. बोअर ओढ्याकाठचं, गाव पितं तसलंच. नमुना नापास झाला. आपण काय पितो, हे गावाला त्या दिवशी फुकटात कळलं.

मुळात प्रकल्पापर्यंत मैला पोचतो कुठे? भुयारी गटार झाली, घरांच्या जोडण्या राहिल्या. घरोघरी सेप्टिक टँक आहेतच. आमच्या आळीतले एक दादा छाती काढून सांगतात, ‘‘वीस वर्षं झाली, एकदाही उपसला नाही!’’ दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागणारी टाकी वीस वर्षं भरत नसेल, तर एकतर तिला तळ नाही किंवा तिचा पाइप गटारात सोडलाय. दादांकडे दोन्ही सोयी आहेत. वर इतकी सुरेख फरशी बसवलीय की झाकण शोधायला स्वयंपाकघर फोडावं लागेल. गटारातून ते पाणी ओढ्यात, ओढ्यातून खालच्या मळ्यात जातं, आणि आठवडी बाजारात पालक होऊन दादांच्याच पिशवीत परत येतं. पुनर्वापर म्हणतात तो हाच.

वाईने 2018पासून भलतंच खूळ घेतलंय. कुणी बोलावण्याची वाट न पाहता सगळ्या शहरातल्या टाक्या तीन वर्षांच्या फेरीने उपसायच्या आणि मैला प्रक्रिया केंद्रावर न्यायचा. सिन्नरलाही तेच लोण पोचलं. आमच्या नगरसेवकांनी वाईचा अभ्यासदौरा केला. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं, मेणवलीचा घाट झाला, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली. मैल्याच्या टँकरला फीत नेमकी कुठे बांधायची, हे मात्र कुणाला उमगेना. प्रस्ताव बारगळला.

आमचंच गाव असं आहे म्हणावं, तर तेही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं. प्रक्रियेची क्षमता उभारली 31,841 दशलक्ष लिटरची, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती 20,236 दशलक्ष लिटरवर. जे बांधलं, त्यातलंही एक-तृतीयांशाहून जास्त नुसतं उभं होतं.

तेव्हा नगराध्यक्षांना विनंती. पुढचं वीजबिल भराल तेव्हा मंडप घाला, बँड लावा, फोटोग्राफर बोलवा. बिलालाच फीत बांधा आणि कापा. हवं तर विरोधकांनाही एकदा कापू द्या. नारळ आम्ही आणतो. ब्लोअर तेवढा दुसऱ्या दिवशीही चालू ठेवा.