खोट्या पैशाचा खरा भक्त

देवगड हापूसच्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघाला तर आपण आंबेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, आनंदाने नाचत नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागातला मेटल डिटेक्टरवाला मात्र नाचतो. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कनेटिकट इकडे मक्याची कापणी उरकली की शेतमालकाची परवानगी काढून, कानाला हेडफोन लावून आणि गुडघ्यांना पॅड बांधून हा गृहस्थ रिकाम्या रानात हिंडू लागतो. यंत्र बोललं की बसतो, वीतभर खणतो आणि हिरवट काळी चकती बाहेर काढतो. तिच्या एका बाजूला तिसऱ्या जॉर्जचा पुसट चेहरा, दुसऱ्या बाजूला बसलेली ब्रिटानिया. म्हणजे इंग्लंडची हाफपेनी. इथवर त्याच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल असतं. खरी परीक्षा घरी, सोनारी काट्यावर. काट्याने ९.८ ग्रॅम दाखवले की त्याचं तोंड उतरतं. सात ग्रॅम दाखवले की तो बायकोला हाका मारू लागतो आणि ती बिचारी, कुणी पडलं की काय म्हणून धावत येते. अस्सल नाणं हाती लागल्यावर हिरमुसणारा माणूस जगात दुसरा नसेल. लोक त्याला हसतात. माझं म्हणणं असं, की त्याचं हिरमुसणं अगदी रास्त आहे.

लंडनच्या शाही टांकसाळीला तांब्यात रसच नव्हता. सोन्या-चांदीची नाणी पाडणं मानाचं, हमालाच्या आणि भाजीवालीच्या हातात खेळणारी हाफपेनी पाडणं कमीपणाचं. तिसरा जॉर्ज १७६० साली गादीवर आला. टांकसाळीने त्याची हाफपेनी १७७० ते १७७५ एवढी वर्षं पाडली आणि हात झटकले. तांब्याची नवी सरकारी नाणी यायला मग १७९७ उजाडलं, आणि तीही बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनच्या वाफेच्या यंत्रांवर पडली. मधल्या काळात सुट्या पैशांचं करायचं काय? बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी हा प्रश्न परस्पर सोडवला. एक पौंड तांब्यातून ४६ हाफपेनी काढाव्यात असा सरकारी हिशेब होता, हे लोक त्यातून साठाच्या वर काढत. त्यांचं कसब असं, की ठसेच मुद्दाम पुसट कोरायचे. नवंकोरं चकचकीत नाणं पाहून दुकानदाराला संशय येतो, झिजलेलं नाणं तो न बघता गल्ल्यात टाकतो. त्यामुळे ही नाणी जन्मतःच म्हातारी असत. काहींवरचा राजा तर इतका माकडतोंडा उतरला आहे, की संग्राहकांनी एकाच हातच्या अशा नाण्यांच्या गटाला वानरांवरूनच नाव दिलं. १७८७ साली टांकसाळीने चलनातलं तांबं तपासलं तेव्हा शंभरातली जेमतेम आठ नाणी राजाच्या नाण्याशी बरं साम्य दाखवणारी निघाली. आता सांगा, त्या काळच्या बाजाराचा साक्षीदार कोणाला मानायचं, या आठांना की उरलेल्या ब्याण्णवांना? अस्सल हाफपेनीवरून टांकसाळीचा नियम कळतो. पावाला माणूस प्रत्यक्षात काय मोजत होता, हे कळायला खोटीच लागते.

अमेरिकेत तर प्रकरण आणखी रंगतं, आणि डिटेक्टरवाल्याचा जीव तिथेच अडकलेला असतो. या देशाने १७७६ साली राजाला रामराम ठोकला, पण राजाच्या तोंडाचा पैसा काही सुटला नाही. स्वतःची टांकसाळ स्थापन व्हायला १७९२ साल लागलं. दरम्यान न्यू यॉर्क राज्यात न्यूबर्गजवळ थॉमस मॅचिन नावाच्या माणसाने १७८७ मध्ये भागीदार जमवून पाणचक्कीवर नाणी पाडायला घेतली. मॅचिन कोण, तर वॉशिंग्टनच्या फौजेतला कॅप्टन. इंग्रजांची जहाजं वर येऊ नयेत म्हणून हडसन नदीवर लोखंडी साखळ्या आडव्या टाकल्या गेल्या, त्या कामातला इंजिनिअर. ज्या राजाची वाट त्याने अडवली त्याचाच चेहरा पुढे त्याच्या गिरणीत पडू लागला. कामगार भेसूर मुखवटे चढवून काम करत, म्हणजे चौकस लोक फिरकू नयेत, अशी तिकडे दंतकथा आहे. या गिरणीच्या नाण्यांवर १७७६, १७७८, १७८७ अशी सालं बिनदिक्कत आढळतात, जेव्हा अस्सल हाफपेनी पडतच नव्हती. एका अंगाला तिसरा जॉर्ज आणि दुसऱ्या अंगाला १७७६, असं नाणं मातीतून निघालं तर माणूस नाचणार नाही तर काय करेल? पुढे व्हरमाँट राज्याची अधिकृत नाणीही याच गिरणीत पडली, आणि त्यांतल्या एका प्रकाराच्या मागे हाफपेनीच्या ब्रिटानियाचाच मुद्दाम पुसट केलेला ठसा मारलेला आहे. सरकारी नाण्याला पाठ खोट्याची!

यावर पहिला आक्षेप सज्जनांचा: ही भामटेगिरीची पूजा झाली. भामटेगिरी होती, त्यात वाद नाही. १७८९ च्या जुलैत न्यू यॉर्कमध्ये तांब्याच्या नाण्यांचा भाव कोसळला तेव्हा मॅचिनच्या भागीदारांपेक्षा रोजावर जगणाऱ्यांचंच अधिक नुकसान झालं असणार. पण डिटेक्टरवाला मॅचिनची आरती करत नसतो, त्याला नाण्याचा प्रवास हवा असतो. दुसरा आक्षेप व्यवहारी: हे सगळं पैशासाठी. झिजलेली अस्सल हाफपेनी संग्राहकांच्या बाजारात किरकोळ डॉलरांत मिळते आणि मॅचिनच्या गिरणीच्या नाण्याला तिच्या कितीतरी पट भाव येतो, हे खरंच. मात्र हा भाव काढायला नाणं विकावं लागतं, आणि आपला गृहस्थ ते विकत नाही. पाहुणा जेवत असताना ते त्याच्या ताटाशेजारी ठेवतो.

तिसरा आक्षेप जाणकारांचा, आणि तो त्याला खरोखर जड जातो. आम्लधर्मी मातीत सव्वादोनशे-अडीचशे वर्षं पडलेलं तांबं झडतं. अस्सल नाणंही मग हलकं भरतं, म्हणजे सोनारी काट्याचा पुरावा एकट्याने टिकत नाही. नाणं खोटं ठरवायचं तर अक्षरांचं वळण, ब्रिटानियाच्या ढालीवरचे क्रॉस आणि साल, हे सगळं जुळवून पाहावं लागतं. आमच्या भक्ताला हे ठाऊक असतं, पण आनंदाच्या भरात ते तो विसरतो. म्हणून त्याच्या डबीतल्या, नाकडोळे गळून गेलेल्या दर चकतीला तो ‘मॅचिन’ म्हणतो. मॅचिनने इतकी नाणी पाडली असती तर त्याला देशाची टांकसाळच चालवायला दिली असती. तरी याने मूळ मुद्दा ढळत नाही. त्याची निवड बरोबर आहे, पारख तेवढी उतावळी आहे.

त्याचा खरा दोष वेगळाच आहे आणि तो कुणी त्याला सुनावत नाही. नाण्याचं वजन तो दोन दशांशांपर्यंत लिहून ठेवतो, पण ते सापडलं कुठे असं विचारलं तर म्हणतो, “तिकडे, ओढ्याच्या पलीकडे.” खोट्या नाण्याची सगळी किंमत ते कुणाच्या खिशातून, कुठे गळालं यात आहे, असं तोच सांगत असतो. मग जुन्या रस्त्यालगत एका जागी चार चकत्या निघाल्या, की तिथे खानावळ होती की बाजार भरायचा, हे शोधायला जागेची नोंद लागणारच. फोनमधला नकाशा उघडून खूण करायला क्षणभर पुरतो. तेवढाही वेळ न देणाऱ्याला पुरातत्त्ववाले नावं ठेवतात, त्यात त्यांचं चुकत नाही.

न्यू जर्सीत मराठी घरं काही कमी नाहीत, तेव्हा असा शेजारी कुणालाही भेटू शकतो. त्याने कौतुकाने काळी चकती पुढे केली तर “अस्सल आहे का हो?” असं चुकूनही विचारू नका. आधी साल विचारा. १७७५ च्या आतलं असेल तर अक्षरं बघायला भिंग मागा आणि मत राखून ठेवा. १७७६ म्हणाला तर पेढे मागा, आणि पेढे खाता खाता नाणं नेमकं कुठे सापडलं ते त्याच्याकडून लिहून घ्या.