आधी परतीचं दाखवा

परदेशात कशाला जातोस, असं हल्ली कुणी विचारत नाही. विचारतात ते एकच, परत कधी? आई विचारते, सासू विचारते, कर्ज दिलेल्या क्रेडिट सोसायटीचा मॅनेजर तर फारच आपुलकीनं विचारतो. आणि शेवटी मोपाच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी विचारते. आईला 'चवथीला येतलो' एवढ्या बोलीवर समाधान असतं. काउंटरवरच्या मुलीला पीएनआर लागतो.

पेडणे तालुक्याचं भाग्य थोर म्हणायला हवं. 11 डिसेंबर 2022 रोजी मोपाच्या पठारावर विमानतळाचं उद्घाटन झालं, 5 जानेवारी 2023 पासून विमानं उडू लागली. त्याआधी इथल्या पोराला आखात गाठायचं तर रात्री जेवूनच निघावं लागे. म्हापसा, पणजी, झुआरीचा पूल आणि मग दाबोळी. एवढ्या वाटेत माणसाला निदान विचार बदलायला फुरसत मिळायची. आता घरच्या देवाला नारळ ठेवला की तासाभरात माणूस काउंटरपुढे उभा. ज्यांची काजूची झाडं या धावपट्टीखाली गेली त्यांच्याच नातवंडांना तिथं विचारलं जातं, 'तुम्ही परत याल याला पुरावा काय?' पुरावा धावपट्टीखाली आहे, बाय. खणून बघा.

त्या मुलीला बोल लावण्यात अर्थ नाही. तिच्यापुढच्या पडद्यावर टिमॅटिक नावाची नियमावली असते. कोणत्या देशात कुणाला, कोणत्या कागदावर घ्यायचं ते तीत लिहिलेलं असतं. एखाद्या देशानं प्रवाशाला दारातून परत पाठवला, तर त्याला माघारी आणायची जबाबदारी बहुतेक ठिकाणी विमान कंपनीच्या गळ्यात पडते, वर दंडही होऊ शकतो. त्यामुळे फिलिपिन्सचा उंबरठा आता मनिलात राहिलेला नाही, तो काउंटरपर्यंत चालत आलाय. जून 2025 पासून भारतीयांना तिथं 14 दिवस व्हिसाशिवाय जाता येतं, ही बातमी आपण पेढे वाटल्यासारखी एकमेकांना पाठवली. त्याच बातमीत खाली परतीचं किंवा पुढच्या प्रवासाचं पक्कं तिकीट हवं असं लिहिलं होतं, पण आपण खालपर्यंत वाचत नाही.

बरं, परके लोकच संशय घेतात असंही नाही. आपलं सरकार त्यात मागे कशाला राहील? दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर सहसा 'ईसीआर' असतो, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारी मंजुरी लागते. असा माणूस यादीतल्या 18 देशांपैकी कुठंही सहलीच्या व्हिसावर निघाला, तर त्याच्या खिशात परतीचं तिकीट हवं. हेतू चांगला आहे. सहलीच्या नावाखाली नेऊन राबवून घेणारे दलाल आखातात कमी नाहीत, आणि त्यांचा त्रास गरिबालाच होतो. पण त्यामागचं तर्कशास्त्र बघा. दहावी झालेल्या माणसाकडून आपलं सरकार परत यायची हमी मागत नाही आणि नववीत अडकलेल्याला ती तिकिटावर लिहून द्यावी लागते. प्रत्यक्षात डिचोली तालुक्यात जाऊन कुणालाही विचारा. गेले ते इंजिनियर परत आले नाहीत. आखातात ड्रायव्हर म्हणून गेलेला मात्र घर बांधायला, बहिणीचं लग्न करायला आणि म्हाताऱ्याचं ऑपरेशन करायला न चुकता आला.

जिथं मागणी असते तिथं पुरवठा. म्हापशाच्या बाजारापासून डिचोलीच्या बसस्टँडपर्यंत तुम्हाला असा एक तरी गाळा सापडेल, जिथं झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड आणि परतीचा प्रवास अशा चारही सोयी एका टेबलावर होतात. टेबलावर लिंबू-मिरची लावलेला प्रिंटर असतो आणि त्यामागचा माणूस मान वर न करता विचारतो, 'ओरिजिनल की डमी?' डमी म्हणजे खोटं नव्हे हो, असं तो लगेच समजावतो. सीट खरोखर धरलेली असते, सहा अक्षरांचा पीएनआरही खरा असतो, कंपनीच्या साइटवर तुमचं नावही दिसतं. फक्त पैसे भरलेले नसतात, त्यामुळे ठरलेल्या मुदतीनंतर ते सगळं आपोआप विरतं. अमावस्येच्या रात्रीपुरता उगवणारा चंद्र म्हणा ना. कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालून तो तुमच्या हातात देतो आणि वर सल्लाही देतो, 'काउंटरार कितें विचारलें जाल्यार चड उलोवं नाका.' कुणी कुणी संगणकावर तारखा बदलून तिकीटच रंगवतात. ते मात्र बनावट कागदपत्र, त्यात माणूस तिकिटाशिवाय बऱ्याच लांब जाऊ शकतो.

आता या व्यवहारात फसतंय कोण? देणाऱ्याला ठाऊक की हे तिकीट वापरायचं नाही. घेणाऱ्याला ठाऊक की हे वापरलं जाणार नाही. तपासणाऱ्यालाही बहुधा ठाऊक असतं, पण रकान्यात टिक मारायची असते. एक फाटणार असलेला कागद तिघांनी इतक्या गांभीर्यानं हातात धरलेला मी फक्त मतपत्रिकेच्या वेळी पाहिलाय.

इथं हरमलचा विषय काढल्याशिवाय मला राहवत नाही. भारताच्या ई-व्हिसाच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय, परदेशी पाहुण्याकडे परतीचं किंवा पुढच्या प्रवासाचं तिकीट हवं, खर्चापुरते पैसे हवेत. म्हणजे आम्हीही तेच विचारतो. मग मला सांगा, हरमलच्या गोड्या तळ्यावर गेली कित्येक वर्षं डमरू वाजवत बसलेल्या त्या दाढीवाल्याचं परतीचं तिकीट कोणत्या विमानाचं होतं? साठच्या दशकात युरोपातून इस्तंबूल, काबूल करत बसनं जे आले, त्यांच्यातले काही हणजुणेला उतरले आणि उतरलेच. एट फिंगर एडी नावाचा अमेरिकन त्यांचा म्होरक्या मानला जाई, तो 2010 साली गोव्यातच वारला. त्याला आपण परतीचं विचारलं नाही. उलट भाड्यानं खोली दिली, उसने तांदूळ दिले आणि नंतर त्याच्या नावावर पर्यटन विकलं. मोरजीच्या काही गल्ल्यांत तर पाटी रशियन भाषेत आणि खाली बारीक अक्षरात आपली, 'जागा भाड्यान दिवपाची आसा'. आपला पोरगा पंधरा दिवस बालीला निघाला तर त्याच्याकडून हॉटेलचं बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट आणि परतीचं तिकीट घेतलं जातं. नियम सगळ्यांना सारखा, पण विचारणाऱ्याची भुवई पासपोर्टाचं मुखपृष्ठ बघून वर जाते.

पण एकेरी तिकिटाच्या इतिहासातलं सुवर्णपान हरमलला नाही, डिचोली तालुक्यातल्या मये गावात सापडतं. पोर्तुगीज अमदानीत हा गाव एका काउंटच्या मालकीचा. 1961 साली गोवा मुक्त झाला आणि काउंटसाहेबांचं घराणं पोर्तुगालला निघून गेलं. त्यांना कुणी परतीचं तिकीट विचारलं नाही. गेले ते गेले. मग 1964 साली कायदा झाला, त्यांची जमीन 'स्थलांतरित मालमत्ता' ठरली आणि तिच्यावर सरकारी कस्टोडियन बसला. आता खरी गंमत. जो गेला त्याच्या मागे कागद लागले नाहीत. जे राहिले, ज्यांच्या आज्या-पणज्या त्याच मातीत गेल्या, ज्यांनी मयेच्या तळ्यापलीकडचं जग जत्रेपुरतंच पाहिलं, त्यांच्या मागे मात्र कागद लागले. घर दुरुस्त करायचंय? कस्टोडियनला विचारा. वीज घ्यायचीय? तू इथला कशावरून, ते दाखव. पन्नासेक वर्षं अख्खा गाव 'आम्ही कुठंही गेलो नव्हतो' हे सिद्ध करत बसला! शेवटी 2014 साली विधानसभेनं कायदा केला, पुढं सनदा वाटण्याचे सोहळे झाले, हार घातले गेले, फोटो निघाले. आपल्याच घरात आपण राहतो याची पोचपावती मिळाली म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. काउंटसाहेबांनी हे पाहिलं असतं तर लिस्बनमध्ये पोट धरून हसले असते. हसले असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

डिचोलीतल्या ट्रकमालकांचीही तीच कथा, फक्त चाकांवरची. 2012 ला खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 च्या मार्चात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा थांबल्या. घरापुढे टिपर उभे, टायरांत गवत, बँकेचे हप्ते मात्र चालू. पुढं 2022 च्या अखेरीस डिचोलीच्या ब्लॉकाचा लिलाव झाला, 2024 ला खाण परत चालली. पण मधल्या काळात विचारायला गेलं की उत्तर एकच मिळे, लवकरच. कुणीही मंत्र्याला म्हटलं नाही, 'साहेब, पुढच्या प्रवासाचा पुरावा दाखवा.' विचारलं असतं तर साहेबांनी डमी दिली असती. त्याच काळात डिचोलीची पोरं दुबई, दोहा, लंडनकडे वळली, आणि काउंटरवर त्यांना विचारलं गेलं, 'परत यायचं कारण काय?' खरं सांगायचं तर त्यांच्याकडे जायचं कारण भरपूर होतं, यायचं सरकारनं द्यायचं राहिलं होतं.

'लवकरच' ऐकत थांबायच्या बाबतीत आमचा देव भूतनाथ जास्त अनुभवी. पेडण्याच्या पुनवेला, म्हणजे कोजागरीला, तो आपल्या देवळाची मागणी करतो, तेही एका रात्रीत बांधलेलं हवं, अशी श्रद्धा आहे. जमलेले लोक त्याची समजूत काढतात, 'आज बांदतां, फाल्यां बांदतां.' पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. देव रागावतो, लोक शांत करतात, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तारीख न देता माणसाला, प्रसंगी देवालाही, कसं थांबवून ठेवावं याचं शिक्षण गोव्यातल्या कोणत्याही खात्यानं पुनवेलाच घेतलं असणार. सामान्य माणसानं मात्र 'आज-फाल्यां' म्हटलेलं काउंटरवर चालत नाही.

आता शेवटची वरात. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस, त्याची मुलं आणि नातवंडं लिस्बनच्या नोंदवहीत जन्म नोंदवून पोर्तुगीज होऊ शकतात, हे गोव्यातल्या पोरासोरांना पाढ्यांसारखं पाठ. पेडणे 1788 साली पोर्तुगिजांच्या हाती गेलं, 'नव्या काबिजादी'तलं, म्हणजे जुन्या तालुक्यांच्या मानानं फार उशिरा. पण दाखला काढताना त्यातलं कुणी काही मागत नाही. आजोबांचा जन्म कुठं आणि कधी, एवढंच बघतात. पासपोर्ट झाला की भारताचं नागरिकत्व कायद्यानंच संपतं. मग मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड हाती येईपर्यंतचा काळ मात्र त्रिशंकूचा, आणि कागदाच्या जंगलात तो लांबतो.

तर अशाच एका पेडणेकराची गोष्ट. नाव नको, पत्ताही नको, नाहीतर लगेच कुणीतरी परतीची तारीख विचारायला जाईल. गेली काही वर्षं तो इंग्लंडात. चवथीला घरी यायचं म्हणून त्यानं ई-व्हिसा काढला, कार्ड अजून वाटेत. अर्जात येण्याचा हेतू पर्यटन, आणि परतीचं तिकीट खरंखुरं, पैसे भरलेलं. पेडण्यात जन्मला, पेडण्याच्या शाळेत शिकला, आणि पेडण्यात यायला त्याला पेडण्यातून परत जायचं तिकीट दाखवावं लागलं. गणपतीलाही आमच्याकडे दीड दिवसात जावं लागतं म्हणा, पण त्याला निदान कुणी फॉर्म भरायला लावत नाही.

फॉर्म आहेच. परदेशी माणूस घरी उतरला की 24 तासांत पोलिसांना कळवायचं असतं, लोक त्याला सी-फॉर्म म्हणतात. हॉटेलवाले रोज भरतात, त्यांना काही वाटत नाही. इथं भरायला बसला तो बाप. चष्मा नाकावर, शेजारी शेजाऱ्याचा मुलगा लॅपटॉप धरून, आत चुलीपाशी नेवऱ्यांचं पुरण ढवळण्यावरून सासू-सुनेचा वाद. परदेशी पाहुण्याचं नाव : बापानं आडनाव आपलंच सांगितलं. राष्ट्रीयत्व : पोर्तुगीज. हे सांगताना स्वर जरा खाली आला, कारण भिंतीवर फोटोतले आजोबा होते आणि आजोबा गोवा मुक्तीच्या काळात पोर्तुगिजांचा लाठीमार खाऊन आलेले. भेटीचा हेतू : पर्यटन.

"पर्यटन कितें? माटोळी कोण बांदतलो?" आतून आईनं विचारलं. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची यंदाची पाळी याच घराची होती.

मग रकाना आला तो पुढच्या मुक्कामाचा. शेजाऱ्याच्या मुलानं तो रिकामा सोडता येत नाही असं सांगितलं. बाप बराच वेळ विचार करत राहिला. 'लंडन' म्हणवेना, 'घर' लिहिता येईना. शेवटी त्यानं माटोळीच्या सामानाची चिठ्ठी काढली, कातरे, आट्टक, कवंडळ, सुपारीचा घोस, आणि पोराला हाक मारून विचारलं, "फाल्यां सकाळीं हें खंयसून हाडटलो?"

"म्हापशा."

"बरय तर," बापानं शेजाऱ्याच्या मुलाला सांगितलं. "फुडलो मुक्काम, म्हापशाचो बाजार."